सोवळ्यात घडवलेला देव्हारा

"वहिनी, न्यायच्या आधी एक ऐकून घ्या. मी देव मानत नाय. माझ्या घरात देव्हारा नाय. काम मात्र पक्कं केलंय, त्याची काळजी करू नका."

माझ्या दुकानात उभं राहून माझ्या गिऱ्हाइकाला मिस्त्रींनी ऐकवलेलं हे पहिलं वाक्य. त्या बाईंनी देव्हाऱ्याच्या उंबऱ्याला हळदीकुंकवाचं बोट नुकतंच लावलं होतं. ते बोट तसंच हवेत राहिलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी मिस्त्रींकडं पाहिलं, आणि मिस्त्री शांतपणे खालचा ड्रॉवर पुढं-मागं करून तो कसा लोण्यासारखा सरकतो ते दाखवत राहिले. मटणाच्या दुकानात उभं राहून खाटकानं 'मी माळकरी आहे' म्हटलं असतं तरी मी एवढा हबकलो नसतो.

बाई समजूतदार निघाल्या. "मानायचं आमचं आम्ही बघू," म्हणून हसल्या आणि देव्हारा घेऊन गेल्या.

पुंडलिकनगरात माझं देव्हाऱ्यांचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी चालवतो. देव्हारे, चौरंग, पाट. या धंद्याचे माझे काही नियम होते. शटर वर केलं की गल्ल्यातली गंधाची बाटली काढायची आणि कपाळाला टिळा लावायचा. उदबत्ती पेटवायची. गिऱ्हाईक आलं की "या माउली" म्हणायचं. घरून निघताना मी कधी टिळा लावला नाही, कारण घरी मला कुणी देव्हारा मागायला येत नव्हतं. यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. हॉटेलवाला नाही का पोट भरलेलं असताना "आज भाजी एक नंबर झालीय" म्हणत?

मिस्त्री माझ्याकडं आले तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर असतील. बौद्ध. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकले आणि मग जुन्या शहरातल्या एका उस्तादांच्या हाताखाली जाळीकाम. देव्हाऱ्याची जाळी अशी कोरायचे की मागं दिवा लावला तर भिंतीवर सावलीची वेल चढावी. खिळा मारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. लाकडात लाकूड बसवायचे आणि ते सुटत नसे. असा कारागीर सोडणं म्हणजे घरात आलेल्या लक्ष्मीला दार लावून घेणं. म्हणून मी त्यांना ठेवून घेतलं आणि त्यांच्या तोंडाचा बंदोबस्त कसा करायचा याचा विचार करत बसलो.

दुकानामागच्या गाळ्यात ते काम करत. गाळा आणि दुकान यांच्यामध्ये दार होतं. पण तयार देव्हारा गिऱ्हाइकाला द्यायचा असला की मिस्त्री कामाचे कपडे उतरवून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, गळ्याचं बटणसुद्धा लावत, मागच्या बोळातून अख्ख्या इमारतीला वळसा घालत आणि पुढच्या दारानं दुकानात येत. पावसात भिजत येत, पण मधल्या दारानं येत नसत. मी एकदा वैतागून विचारलं, "मिस्त्री, चार पावलांचं दार सोडून हा वळसा कशाला?"

"आमचे उस्ताद आयुष्यभर देव्हारे करायचे, शेठ. दुसऱ्याच्या दुकानासाठी. मागल्या दारानं माल द्यायचा, मागल्याच दारानं घरी जायचं. पुढं आले तर गिऱ्हाईक म्हणंल, मियाँभाईनं केलेला देव्हारा! मी त्यांना म्हणायचो, उस्ताद, एक बार सामने जाके बोलो तो सही. ते म्हणायचे, 'नक्को रे बाबा, अपन कू काम से काम, नाम कू क्या करते?' गेले बिचारे. त्यांच्या हातचे देव्हारे शहरात किती घरांत असतील, अन् एकाला बी त्यांचं नाव ठाऊक नाय. मी तसा मरणार नाय."

"पण त्यासाठी देव मानत नाही हे कशाला सांगायचं? नाव सांगा की."

"नुसतं नाव सांगून काय होतं? माझ्या हातची वस्तू रोज त्यांच्या डोळ्यांपुढं राहणार. ती कुणाच्या हातची, तो कसा माणूस, हे घेणाऱ्याला ठाऊक नको? लपवून दिलं तर ती चोरी झाली."

मी म्हटलं, "चहा घेता का?"

देव न मानणारा हा माणूस देव्हारा करण्याआधी जे प्रश्न विचारायचा, ते ऐकूनही गिऱ्हाईक चक्रावून जाई. देव कोणकोणते, मूर्ती केवढ्या, हे ते सगळ्यात शेवटी विचारत. आधी विचारत, घरात पूजा कोण करतं? त्यांचं वय काय? खाली बसता येतं का? कुठला गुडघा दुखतो? कुठल्या डोळ्यानं नीट दिसतं? काडी कुठल्या हातानं ओढतात? हे सगळं सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं फळकुटावर लिहून घेत. देव्हारा झाला की त्याच्यासमोर चटई टाकून बसत आणि कितीतरी वेळ समोर बघत राहत. पहिल्यांदा मला वाटलं, आला बुवा मार्गाला, ध्यान लागलं! जवळ जाऊन बघितलं तर ते हात लांब करून अंतर जोखत होते. "देव कुठं बसतो त्याच्याशी मला काय करायचंय? माणूस कुठं बसतो ते बघायचं. त्याला मान वाकडी करावी लागली तर काम फुकट गेलं."

सगळीच गिऱ्हाइकं त्या पहिल्या बाईंसारखी नसतात. एक निवृत्त गुरुजी होते. मिस्त्रींनी नेहमीसारखं सांगितलं. गुरुजींनी शेजारच्या दुकानदाराकडून आडून-आडून मिस्त्रींची जात विचारून घेतली. मग घरी गेले, गोमूत्राची बाटली घेऊन आले आणि आमच्या सगळ्यांच्या देखत त्या नव्याकोऱ्या देव्हाऱ्यावर शिंपडू लागले. काहीतरी बोलावं असं वाटलं. बोललो नाही. देव्हारा विकला गेला होता.

मिस्त्रींनी खिशातला रुमाल काढला. "गुरुजी, सागवानाला पाणी सोसतं, पॉलिशला नाय सोसत. लगेच पुसून घ्या, नायतर पांढरे डाग पडतील." आणि रुमाल पुढं केला.

गुरुजींनी तो घेतला नाही. ते गेल्यावर मिस्त्री मागं गेले. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. एका चौरंगाचा एकच पाय दुपारभर काचपेपरनं घासत बसले. तो पाय इतका गुळगुळीत झाला की बाकीच्या तिन्हींशी जुळेना. मला स्वतःची लाज वाटली, हे इथं लिहून टाकतो, कारण तेव्हा तोंडानं म्हटलं नव्हतं.

काही देव्हारे परतही आले. परत आलेला देव्हारा मिस्त्री दुकानात ठेवू देत नसत, मजुरीत वळता करून घरी नेत. त्याचं ते काय करतात हे मला एकदा ते तापानं पडले तेव्हा कळलं. मी हर्सूलला त्यांच्या घरी बघायला गेलो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आमचाच एक देव्हारा. शिखर, कळस, वेलबुट्टीची जाळी, आणि आत, जिथं देव बसायचे तिथं, कांदे. वरच्या पायरीवर लसणाच्या माळा.

मी जागच्या जागी उभा राहिलो. "मिस्त्री! अहो, देव्हाऱ्यात कांदे?"

"जाळीतनं हवा खेळती राहते, शेठ," ते गोधडीतून म्हणाले. "कोंब येत नाय."

मी मोसंबी ठेवली आणि काढता पाय घेतला.

माझ्या हातून जे घडलं ते यानंतरचं. हल्ली लोक फोनवर फोटो बघून मागवतात. मी ठरवलं की गिऱ्हाइकाची आणि मिस्त्रींची गाठच पडू द्यायची नाही. माल परस्पर टेम्पोत जाऊ लागला. मिस्त्रींचे ते गुडघ्याचे आणि डोळ्यांचे प्रश्न मीच फोनवर विचारून उत्तरं आणून देऊ लागलो. आणि प्रत्येक देव्हाऱ्याच्या कडीला बांधायला मी एक छानशी चिठ्ठी छापून घेतली, केशरी कडा असलेली: 'हा देव्हारा कारागिरानं उपवास करून, सोवळ्यात, नामस्मरण करत घडवला आहे.'

धंदा असा चालला की विचारू नका. पुण्या-नाशकाहून फोन येऊ लागले. लोकांना सागवान हवं होतंच, पण त्याहून जास्त तो उपवास हवा होता.

मिस्त्री मात्र रोज संध्याकाळी विचारत, "शेठ, आजच्या गिऱ्हाइकाला सांगितलंत का माझं?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"चालेल म्हणाले."

त्यांचा चेहरा उजळायचा. "बघा! मी म्हणत नव्हतो? सांगितलं की लोकांना चालतं. आपणच उगं भ्यायचो." एकदा तर त्यांनी घरून पुरणपोळ्या आणल्या. एकही देव्हारा परत आला नाही म्हणून बायकोनं केल्या म्हणाले. मी दोन खाल्ल्या.

मग एक दिवस एक आजी आल्या. पैठण रोडवरच्या एका गावातलं मोठं जमीनदार घर, मुलगा शहरात नोकरीला, नवीन बंगला. त्यांच्याकडं देव्हारा जाऊन आठवडा झाला होता. गाडीतून मुलाच्या आधारानं उतरल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "त्यो मानूस कुठाय? मला त्याला बघायचंय."

"बाहेरगावी गेलेत," मी म्हणणार होतो. तेवढ्यात मधल्या दारातून रंध्याचा आवाज आला. आजी काठी टेकत थेट गाळ्यात. मी मागं धावलो, पण उशीर झाला होता. आजींनी मिस्त्रींना पाहिलं, काठी भिंतीला लावली आणि खाली वाकून त्यांच्या पायांवर हात ठेवले.

मिस्त्री रंधा टाकून मागं सरकले ते थेट फळ्यांवर आदळले.

"आजी! आजी, काय करता हे?"

"नको म्हनू नको बाबा. मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय, तू समईची जागा उजव्या अंगाला केलीस. मला खाली बसता येत न्हाय, खुर्चीत बसलं की देव बरोबर डोळ्यापुढं येतो. तुला कसं कळलं रं? तू मला कधी बघितलं बी न्हाय. म्या सुनंला म्हनलं, उपास करून, सोवळ्यात केलेलं हाय, त्याला आतून दिसलं आसंल."

"कसला उपास?" मिस्त्री म्हणाले.

मुलानं कौतुकानं खिशातून चिठ्ठी काढून दिली. मिस्त्रींनी ती वाचली. पुन्हा वाचली. कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं. मग माझ्याकडं पाहिलं. फक्त एकदाच. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आजी," ते म्हणाले, "तुमच्या डोळ्याचं शेठनी तुमच्या घरच्यांना फोनवर विचारून सांगितलं. मला आतून काय दिसत नाय. मी उपास करत नाय. तुमचं काम चाललं होतं तवा रोज दुपारी डबा खाऊन काम केलंय, कधी बोंबील बी होते. मी बौद्ध हाय. मी देव मानत नाय. तुम्हाला हे आधीच सांगायचं होतं. सांगितलं नाय, ते चुकलं. माझ्या पाया पडू नका."

आजी भिंतीची काठी घेऊन गाडीकडं वळल्या. मुलगाच बोलला, आणि जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून देव्हारा परत आला. मिस्त्रींनी तो उतरवू दिला नाही; त्याच टेम्पोत आपली पटाशीची पेटी, रंधे आणि इस्त्रीचा शर्ट ठेवला. मी आडवा आलो. माफी, मजुरी वाढवतो, चिठ्ठ्या जाळून टाकतो, सगळं म्हणून झालं.

"शेठ," ते म्हणाले, "मी रोज घरी जाऊन बायकोला सांगायचो, लोक बदलले गं, आता चालतं त्यांना. तिनं पुरणपोळ्या केल्या." टेम्पोवाल्याला म्हणाले, "चला हर्सूलला."

महिनाभर मी नवा सुतार शोधत होतो. एका सकाळी रिक्षातून आजी उतरल्या, एकट्याच. मुलाला न सांगता आल्या होत्या हे उघड होतं.

"माझा देव्हारा कुठाय?"

"मिस्त्रींनी घरी नेला," मी म्हणालो.

"लेकानं दुसरीकडनं नवा आनला. खाली वाकलं तर देव दिसतो, न्हायतर त्याचं छत दिसतं. आन त्याला बी तसलीच चिठ्ठी, उपास आन सोवळं. आता माझा इस्वासच बसत न्हाय. देवाम्होरं बसलं की आधी त्यो कागद डोळ्यापुढं येतो, ह्ये बी खोटंच आसंल म्हनून. त्या मानसानं मला तोंडावर सांगितलं, त्येच तेवढं खरं निघालं. चल, मला त्याच्याकडं ने."

रिक्षा हर्सूलच्या वाटेला लागली तसं मला एकदम आठवलं: कांदे! "आजी, तुम्ही दुकानात बसा, मी देव्हारा घेऊन येतो," म्हणालो. त्यांनी ऐकलंच नाही.

मिस्त्री घरीच होते. ओट्यावर एका शाळेसाठी फळ्याची चौकट करत होते. आजींना पाहून उठले, पाण्याचा तांब्या दिला. आजी पाणी न पिता सरळ आत गेल्या. मी डोळे मिटून घेतले आणि मग त्यांच्या मागोमाग आत गेलो.

जुन्या छोट्या देव्हाऱ्यात आता मिस्त्रींच्या लेकीची पुस्तकं होती. कांदे मोठ्या घरात राहायला आले होते. आजींच्या देवांच्या तिन्ही पायऱ्यांवर कांदे, समईच्या जागी लसूण. आणि आजींनी वातींचा ड्रॉवर ओढला तर आत सुके बोंबील. ड्रॉवर मात्र लोण्यासारखा सरकला.

"परत आला तवा ते नुसतं लाकूड झालं, आजी," मिस्त्री मागून म्हणाले. त्यांनी काहीही झाकलं नाही. "लाकडात काय ठेवायचं ते घरच्यांनी ठरवायचं. तुम्हाला मी नवा करून देतो."

"मला ह्योच पायजे. ह्यो माझ्या मापाचा हाय."

"वास येईल."

"माझ्या घरात काय कांदा खात न्हाईत व्हय?" आजी जरा थांबल्या. मग मान ताठ करून म्हणाल्या, "पर एक सांगते. तू तुझं सांगितलंस, म्या माझं सांगते. घरी नेल्यावर म्या ह्याच्यावर गोमूत्र शिंपडनार."

मला ते गुरुजी आठवले, तो न घेतलेला रुमाल आठवला. मिस्त्री पुन्हा पॉलिशचं काहीतरी बोलतील असं मला वाटलं.

"मग नाय देत, आजी," मिस्त्री म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "कांद्यासाठी शिंपडत असाल तर मी साबणानं धुऊन देतो. माझ्यासाठी शिंपडत असाल तर इथंच राहू द्या."

आजींचा हात कडीवर होता. त्यांनी जाळीवरून एक बोट फिरवलं. मिस्त्रींची बायको चुलीजवळून उठून दाराशी येऊन उभी राहिली होती.

"बरं," आजी शेवटी म्हणाल्या. "न्हाय शिंपडत. मला लई पटलं म्हनून न्हाय. पर शब्द देते. हळदकुकू व्हाईन, त्याला तर हरकत न्हाय?"

"ते तुमचं घर, आजी."

"आन त्यो बोंबलाचा ड्रॉवर तेवढा नवा करून दे."

मिस्त्रींना हसू आलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, लेकीच्या पुस्तकांतला एक कागद ओढला. माझीच केशरी कडांची चिठ्ठी होती ती, आजींच्या मुलानं त्या दिवशी त्यांच्या हातात दिलेली. पाठीवर लिहिलं: 'हा देव्हारा करणारा देव मानत नाही. जोड पक्की आहे.' खाली आपलं पूर्ण नाव घातलं आणि चिठ्ठी कडीला बांधली.

आजींना अक्षर लागत नव्हतं. त्यांनी मला वाचायला लावलं. मी वाचलं. त्यांनी मान डोलावली आणि मग एकाएकी माझ्या कपाळावरच्या टिळ्याकडं बोट केलं.

"आन तू रं? ह्यो मानत न्हाय, म्या मानते. तू मानतोस का देव?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मीही कधी स्वतःला विचारलं नव्हतं. एवढ्या साध्या प्रश्नानं माणूस इतका हादरू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. तिघंही माझ्याकडं बघत होते.

"दुकानात मानतो," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. आजींनी पदर पसरला आणि एकेक करून कांदे त्यात काढले. मिस्त्रींच्या बायकोनं त्यांच्यापुढं टोपली धरली. पायऱ्या रिकाम्या झाल्यावर मिस्त्रींनी देव्हारा एका बाजूनं उचलला आणि म्हणाले, "शेठ, धरा तिकडून. कळसाला लागू देऊ नका."

मी धरला. खरंच कांद्याचा वास येत होता.